एक वर, एक खाली

“रात्री पिऊन वर गेला होतास काय रे खिल्लारे?”

सावळकर सरांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी रात्रभर जागा होतो आणि माझ्या हातात एक्केचाळीस रीडिंगांचा कागद होता.

“मी पीत नाही, सर.”

“मग हे काय?” त्यांनी कागदावर बोट आपटलं. “आठ दिवस तारा बिचारा गुमान चढायलाय. आणि आज पहाटे साडेतीनला एकदम तिप्पट उजेड? पाचला परत होता तिथं? तारा आहे का लोडशेडिंगचा बल्ब?”

केबिनमध्ये दोन प्राध्यापक बसले होते, ते हसले. सरांच्या केबिनमध्ये ते त्याच कामाला बसायचे.

“टॉर्च लावली असशील,” सर म्हणाले. “नाहीतर डुलकीत दुर्बिणीला धक्का दिला असशील. ग्राफला कुठं शिंगं फुटतात का? तेवढी रीडिंगं काढून टाक. वक्र स्मूथ आला पाहिजे. आठ तारखेला समिती येतीय.”

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या तीन एप्रिलची. कॉलेज परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावाबाहेर मुरमाड माळावर. कॉलेजचा दर्जा ठरवणारी समिती पाच वर्षांतून एकदा यायची आणि ती येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू-चुना लागायचा. सावळकर सर फिजिक्सचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर. परिचर म्हणजे शिपाईच. फरक एवढाच की शिपाई टेबल पुसतो आणि परिचर टेबलावरचा व्होल्टमीटरही पुसतो.

पण पोरांमध्ये माझं नाव मोठं होतं. पोरं मला रीडिंगमामा म्हणायची. माझ्याकडं लाल कापडी बांधणीची एक वही होती. लंबक, स्प्रिंग, काचेचा लोलक, मीटरची तार, बी.एस्सी.च्या चौतीसच्या चौतीस प्रयोगांची बरोबर उत्तरं तिच्यात होती. नुसती उत्तरं नव्हे, त्या उत्तरापर्यंत नेणारी रीडिंगंही. प्रात्यक्षिक परीक्षेत पोरगं रडवेलं झालं की मी स्टॉपवॉच द्यायच्या निमित्तानं शेजारून जायचो आणि आकडे सांगायचो. बाहेरून आलेले परीक्षक जेवून तृप्त असायचे. गुरुत्वाकर्षण आमच्या कॉलेजात एकोणीस वर्षं नऊशे ऐंशीच्या आसपास आलं. लंबकाची दोरी उंदरानं कुरतडली त्या वर्षीही तेवढंच आलं.

त्या वहीची एक कला होती. सगळी रीडिंगं रेघेवर बसवली तर आंधळ्यालाही कळेल. म्हणून एक रेघेच्या किंचित वर द्यायचं, एक किंचित खाली. एक वर, एक खाली. बघणाऱ्याला वाटतं, पोरानं खरंच घाम गाळलाय.

आता दुर्बिणीचं सांगतो. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठल्याशा योजनेतून चौदा इंची दुर्बीण आणली. गच्चीवर सरकत्या पत्र्याची खोली बांधली, फीत कापली, अध्यक्षांना शनी दाखवला. अध्यक्ष म्हणाले, “साडेसात वर्षं माझ्या मागं लागला होता तो हाच का?” टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडं आली. सावळकर सरांची पीएच.डी. फेराइट नावाच्या चुंबकी भुकटीवर होती आणि रात्रीच्या हवेनं त्यांचं नाक चोंदायचं. त्यांनी त्या दुर्बिणीला डोळा लावला तो एकदाच, फोटोसाठी. तेव्हा पुढचं झाकण काढलेलं नव्हतं.

माहितीपुस्तिका मी वाचली. मी दहावी नापास. शेजारी डिक्शनरी घेऊन बसलो तर पहिल्या पानाला नऊ दिवस लागले. दुसऱ्याला चार. वर्षभरात दुर्बीण मला हाताच्या बोटांसारखी झाली. मला हे कुणी शिकवलं नाही. लोक असल्या गोष्टीचा अभिमान सांगतात. मला अभिमान नाही, राग आहे. पगार घेऊन शिकवणारी बावीस माणसं त्या इमारतीत होती.

शाहीन पठाण मॅडम त्या बावीसांत नव्हत्या. त्या गणिताच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तेवढ्यापुरत्या प्राध्यापक, घंटा वाजली की कुणीच नाहीत. वय सव्वीस-सत्तावीस, चष्मा जाड, बोलणं थेट. जगभरातल्या दहा-बारा दुर्बिणींचं एक जाळं आहे, त्या पाळीपाळीनं एकाच ताऱ्यावर डोळा ठेवतात, एकीकडं उजाडलं की दुसरी सुरू करते, हे त्यांनी इंटरनेटवर शोधून काढलं. भारताच्या रेखांशावर त्या जाळ्याला भोक होतं. मॅडमनी मेल केली, सरांच्या नावानं, कारण त्यांच्या स्वतःच्या नावाला पद नव्हतं. आठवड्यात होकार आला. सरांनी तो होकार फ्रेम करून लावला.

काम असं होतं. धनू राशीच्या गर्दीत एक मंद तारा उजळायला लागला होता. तो स्वतः उजळत नव्हता. त्याच्या नि आपल्या मधून दुसरा एक तारा चालला होता, त्याच्या वजनानं मागच्याचा उजेड वाकून आपल्याकडं गोळा होत होता, भिंगानं ऊन गोळा करावं तसा. समोरचा सरळ निघून गेला की मागचा होता तसा होणार. कागदावर त्याची छान टेकडी येते, हळू चढण, माथा, हळू उतार. ती टेकडी सरांना पोस्टरवर पाहिजे होती.

आणि मला एकच गोष्ट पाहिजे होती. काम सुरू करायच्या आधीच मी सरांना म्हटलं होतं, “सर, कुठं काही छापून आलं तर निरीक्षक म्हणून माझं नाव टाकाल का?” हजेरीपटावर मी ‘प्र. परिचर क्र. ३’ होतो. भावानं आमच्या सामायिक विहिरीवर पाटी लावली त्यातही माझं नाव नव्हतं. सर म्हणाले होते, “बघू की. नाव काय, टाकता येतं.”

तर त्या सकाळी मी तो एक्केचाळीस रीडिंगांचा कागद घेऊन कॉम्प्युटर लॅबमध्ये गेलो. शाहीन मॅडमनी एकेक फ्रेम उघडून बघितली. दुर्बिणीला कॅमेरा होता, चार मिनिटांना एक फोटो. बघता बघता त्यांची खुर्ची पुढं पुढं सरकत गेली.

“मामा, टॉर्च लावली होती?”

“तुम्ही पण?”

“तसं नाही हो. टॉर्च लागली असती तर शेजारच्या ताऱ्यांचे ठिपके पण फुगले असते. धक्का बसला असता तर सगळे हलले असते. मी अकरा शेजारी मोजले. अकराच्या अकरा जागेवर आहेत. पेटलाय तो एकटा आपलाच.” त्या उठल्या. “चला बाहेर. तो पाण्याचा पेला घ्या.”

व्हरांड्यात ऊन आलं होतं. त्यांनी स्टीलचा पेला कठड्यावर तिरका धरला. आत तळाशी उजेडाची एक लखलखीत रेघ उमटली, मध्ये टोक असलेली, दोन शिंगं जुळवल्यासारखी.

“वाकड्या भांड्यात उजेड सगळीकडं सारखा पडत नाही. असा रेघेवर गोळा होतो. आपल्या ताऱ्याचं तेच झालंय. समोरून जाणारा तारा एक नाही मामा, दोन आहेत. जोडतारा. एक असता तर टेकडी. दोघं मिळून उजेडाचं असं टोकदार जाळं विणतात. मागचा तारा त्या टोकावरून गेला की भप्पकन पेटतो, टोक सरलं की परत जागेवर.”

“म्हणजे मी बघितलं ते खरं?”

“खरं काय, सोनं आहे. आज पहाटे त्या वेळी ऑस्ट्रेलियात उजाडलं होतं, चिलीत ऊन होतं. दक्षिण आफ्रिकेत रात्र होती, पण ढग होते, तशी मेल आलीय. पृथ्वीवर हे शिंग बघितलेला माणूस एकच आहे. तुम्ही.”

मी पेल्यातल्या त्या रेघेकडं बघत राहिलो.

“आणि ते दोघं? जोडतारा? ते कुठं दिसतात?”

“दिसत नाहीत. इतके मंद आहेत की दिसणारही नाहीत. चमकतो तो मागचा.”

“मग आपल्या डिपार्टमेंटसारखंच झालं की.”

शाहीन मॅडम इतक्या हसल्या की पेला हिंदकळला. मग एकदम गंभीर झाल्या. “उजेडाच्या एवढ्या मोठ्या जाळ्याला टोक एकच नसतं. दुसरं शिंग येणार.” संध्याकाळपर्यंत त्यांनी चार कागद भरले आणि तारीख काढली. नऊ एप्रिलची नाहीतर दहाची पहाट. “ते सगळ्या जगाला दिसेल. पण पहिलं ज्याच्याकडं आहे त्याच्याशिवाय ते दोन तारे किती वजनाचे, एकमेकांपासून किती लांब, हे गणित सुटायचं नाही. आजच मेल करू.”

मेल सरांच्या परवानगीशिवाय जात नव्हती. आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो.

“मॅडम, तुम्ही गणिताच्या,” सर म्हणाले. “हे फिजिक्स आहे.”

“सर, फ्रेम बघा ना एकदा.”

“बघायचं काय त्यात? समितीला मी काय सांगू, दोन तारे आहेत, पण ते दिसत नाहीत? आणि पुरावा काय, तर आमचा शिपाई रात्री एकटा वर होता!” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “मेल माझ्या नावानं जाते. थट्टा झाली तर माझी होईल. तुम्ही दोघं मोकळे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मला बोलावलं. केबिनमध्ये ते एकटेच होते. म्हणाले, “बस.” एकोणीस वर्षांत त्या खुर्चीवर मी बसलो नव्हतो, पुसली मात्र रोज होती. चहा आला, तोही कपबशीत. मला तेव्हाच उठून जायला पाहिजे होतं. शिपायाला खुर्ची मिळाली की समजावं, कुणाच्या तरी वाट्याची घाण त्याला उचलायचीय. पण मी बसलो.

सरांनी पोस्टरचा नमुना माझ्यापुढं सरकवला. निळं आकाश, पांढरी अक्षरं, मध्ये टेकडी, तिचा पुढचा उतार अंदाजाच्या तुटक रेघेनं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘निरीक्षक : श्री. अर्जुन सखाराम खिल्लारे’.

‘श्री’ लावलं होतं. बापाचं नावसुद्धा होतं.

“बघ, दिलेला शब्द पाळतो मी,” सर म्हणाले. “फक्त तीन तारखेची जागा मोकळी दिसतीय. गॅप बरी दिसत नाही. तेवढी सहा रीडिंगं भरून दे. तुझ्याकडं वही आहेच.”

“सर, खरी एक्केचाळीस आहेत की.”

“ती शिंगवाली? ती टाकली की टेकडी जाते. टेकडी गेली की पोस्टर जातं. पोस्टर गेलं की...” त्यांनी माझ्या नावावर अंगठा ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. “आणि भरशील तीच त्या दुर्बिणींच्या जाळ्याला पण पाठव. दोन्हीकडं एकच पाहिजे.”

मला वीस मिनिटं लागली. पेन्सिलीनं टेकडीची रेघ पुढं ओढली आणि सहा टिंबं दिली. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. हात एवढा सरावलेला होता की डोकं लागलंच नाही. उगाच कुणावर ढकलत नाही. सरांनी माझा हात धरला नव्हता.

शाहीन मॅडमनी छापून आलेलं पोस्टर बघितलं. ‘गणिती साहाय्य’ म्हणून त्यांचं नाव होतं माझ्या नावाखाली. त्या सरांना एवढंच म्हणाल्या, “माझं नाव काढा.” सरांनी आनंदानं काढलं, त्यावर निळ्या कागदाची पट्टी चिकटवून. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. समितीच्या स्वागताला त्यांच्याकडं रांगोळीचं काम दिलं होतं. गणिताची बाई ना, ठिपके बरोबर येतात.

समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. नलिनी राजगोपाल. साठीच्या पुढच्या, सुती साडी, पायात कापडी बूट. बाहेरच्या राज्यातल्या, पण शिकायला नाशकात होत्या म्हणून मराठी यायचं, थोडं सावकाश. बाकीचे सदस्य काजू खात प्राचार्यांच्या मागून फिरत होते. बाई पोस्टरपुढं थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ गेल्या.

“हे सगळं इथं केलं?”

“इथंच, मॅडम,” सर म्हणाले. “आंतरराष्ट्रीय सहकार्यातून. माझ्या मार्गदर्शनाखाली.”

“छान आहे.” बाईंचं बोट टेकडीवरून सरकत तीन तारखेवर थांबलं. “इतर दिवसांची टिंबं बघा. कुठं तीन एकत्र वर, कुठं चार खाली, कसंही. खरी टिंबं अशीच असतात, रानात सुटलेल्या शेळ्यांसारखी. पण ही सहा फार शहाणी आहेत. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली. कवायत करतात.”



“कुणी घेतली ही?” बाईंनी विचारलं.

सावळकर सरांनी एक क्षणही घालवला नाही. मागं वळून, लोकांतून वाट काढून त्यांनी माझा दंड धरला आणि मला पुढं आणलं. “हे आमचे श्रीयुत खिल्लारे. सगळं श्रेय यांचं, मॅडम. रात्ररात्र जागून यांनीच घेतलं. मी तर तेव्हा घरी असतो.”

बावीस प्राध्यापक, प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, समिती, सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. माझ्या छातीत असं काहीतरी भरून आलं की मला वाटलं, हेच ते. याच्यासाठीच जागलो. लाज वाटते सांगायला, पण डोळ्यांत पाणी होतं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला, एखाद्याला कोपऱ्यात घेऊन विचारावं तसा. “खिल्लारे, तीन तारखेला पहाटे तुम्ही वर होता?”

“होतो, मॅडम.”

“तुम्हाला काही वेगळं दिसलं का? घाबरू नका. वेगळं दिसलं असेल तर ते चुकीचं असतं असं नाही. कधी कधी तेच खरं असतं.”

दाराजवळ शाहीन मॅडम उभ्या होत्या. बोटांना रांगोळी लागलेली.  पोस्टरच्या कोपऱ्यात माझं नाव होतं, ‘श्री’ लावलेलं, आणि त्याच्या खाली निळी पट्टी.

“नाही, मॅडम,” मी म्हणालो. “सगळं सुरळीत होतं.”

बाईंनी तीन तारखेवरचं बोट उचललं. मग “बरं” म्हणून पुढच्या टेबलाकडं गेल्या. तिथं सरांची फेराइटची भुकटी होती.

समिती जेवायला गेल्यावर शाहीन मॅडम माझ्यापाशी आल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मामा, एकोणीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांना खोटी रीडिंगं दिली. का, तर त्यांच्याकडं स्वतःचं काही नव्हतं. आज तुमच्याकडं होतं.”

एवढंच. रांगोळीचा डबा उचलला आणि गेल्या.

दहा तारखेच्या पहाटे दुसरं शिंग आलं. शाहीन मॅडमच्या गणिताच्या बाहेर एक तासही नाही. तारा पेटला, चढला, आणि मी पत्र्याच्या खोलीत एकटा बसून बघत होतो. पोटात आनंद मावत नव्हता आणि तो सांगायला माणूस नव्हता. सकाळी सरांना दाखवलं. समिती वरचा दर्जा देऊन गेली होती, सर खुशीत होते. म्हणाले, “पाठव काय पाठवायचं ते. आता कोण बघतंय?”

सगळं जग बघत होतं. आफ्रिकेनं बघितलं, चिलीनं शेपूट बघितली. चार दिवसांत जाळ्याची मेल आली. जोडतारा आहे हे नक्की. हिशेबानं पहिलं शिंग तीन एप्रिलच्या सुमाराला असलं पाहिजे आणि त्या वेळी रात्र नि निरभ्र आकाश फक्त तुमच्याकडं होतं. पण तुमची रीडिंगं सपाट आहेत. कृपया खात्री करा आणि मूळ फोटो पाठवा.

सरांनी मला बोलावलं. या वेळी बस म्हणाले नाहीत.

“मूळ फोटो?”

“समितीच्या आधी तुम्हीच कॉम्प्युटर फॉरमॅट करायला लावले होते, सर. स्वच्छ दिसायला.”

“हं. बरं झालं.” ते टाइप करायला लागले. “तू समितीपुढं काय बोललास? सुरळीत होतं. तेच लिहितो. निरीक्षण आमचे निरीक्षक ए. खिल्लारे यांनी घेतले असून त्यांनी चौकशीत खात्री दिली आहे. नाव पाहिजे होतं ना तुला? घे, परदेशात गेलं.”

तेव्हासुद्धा मला नीट कळलं नाही. खरं सांगतो, तेव्हासुद्धा आत कुठंतरी बरंच वाटलं.

जूनमध्ये शाहीन मॅडमचे तास संस्थेच्या अध्यक्षांच्या कुणा भाचीला गेले. त्या मालेगावला एका मुलींच्या शाळेत लागल्या. जायच्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या आणि टेबलावर एक सीडी ठेवली. कागदी पाकिटात, वर काहीही न लिहिलेली.

“फॉरमॅटच्या आधी उतरवून घेतली होती. यात तीन तारीख आहे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फ्रेम.”

“तुम्हीच पाठवा ना, मॅडम.”

“मी कोण? माझं नाव कुठं आहे?” त्या हसल्या, पण पेला हिंदकळला होता तसं नाही. “शिंग तुम्ही बघितलंय. पाठवायचं का नाही ते तुम्ही ठरवा.”

पाठवली तर काय होईल हे मी पुष्कळदा घोकलं. गणित सुटेल. पण आधी लिहावं लागेल की ए. खिल्लारे खोटं बोलला. आज पाठवू, दिवाळीनंतर पाठवू, असं करत सीडी मी लाल वहीत ठेवली.

दीड वर्षानं शोधनिबंध छापून आला. लेखकांच्या यादीत चौदावं नाव सावळकर सरांचं. कॉलेजनं पहिलं पान नि माझं नाव असलेलं पान, दोन्ही फ्रेम करून, माझ्या नावाखाली लाल रेघ ओढून, प्रयोगशाळेत लंबकाच्या वर टांगली. पेढे वाटले. मला शाल, श्रीफळ. सरांनी भाषणात सांगितलं की एका परिचराचं नाव परदेशी नियतकालिकात येणं ही या मातीची ताकद आहे.

बावीस जणांतल्या एकानंही ते पान वाचलं नव्हतं. माझं नाव वर कुठं नव्हतं, खाली बारीक अक्षरातल्या टिपेत होतं. तिचं मराठी मी स्वतः केलं, डिक्शनरी घेऊन, तीन दिवस लागले. ‘भारतीय केंद्राची ३ एप्रिलची निरीक्षणे (निरीक्षक : ए. खिल्लारे) इतर पुराव्याशी विसंगत व अविश्वसनीय आढळल्याने वगळली आहेत. त्यामुळे दोन ताऱ्यांमधील अंतर निश्चित करता आलेले नाही.’

कॉलेजबाहेर जगात माझं नाव एकदाच छापून आलं, ते असं. आणि त्या पानाच्या काचेवरची धूळ मी अकरा वर्षं रोज पुसली.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते तेव्हाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. लंबकाच्या टेबलावर एक मुलगी होती, मोहिनी धुळगुंडे, धनगराची, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. तिनं पाच वेळा दोलनं मोजली होती, मी बघत होतो, प्रामाणिकपणे मोजली होती. उत्तर येत होतं एक हजार बारा. परीक्षक जेवायला गेले होते. ती घामाघूम.

“मामा, वहीतलं सांगा ना.”

“तुझं तू मोजलंस की.”

“पण चुकलंय. स्मूथ नाही आलं.” मग तिचं लक्ष वरच्या फ्रेमकडं गेलं. “मामा, हे तुमचं नाव? खरंच तुमचं? फॉरेनला?”

“हो.”

“बाप रे!”

मी वही काढली. उघडली तशी तिच्यातून ते कागदी पाकीट सरकलं आणि सीडी टेबलावर पडली. खिडकीतलं ऊन तिच्यावर आलं आणि छतावर रंगीत उजेडाची एक वाकडी रेघ थरथरली.

“हे काय आहे, मामा?”

“रीडिंग.”

“कशाचं?”

 बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

“खरं रीडिंग आहे, पोरी.”

तिनं दाराकडं बघितलं. परीक्षकांच्या चपलांचा आवाज जवळ येत होता.

“खरं नको हो मामा,” ती काकुळतीला आली. “परीक्षेचं द्या ना. लवकर!”

मी सीडी पाकिटात घातली, पाकीट वहीत ठेवलं, आणि स्टॉपवॉच द्यायच्या निमित्तानं तिच्या शेजारी उभा राहून आकडे सांगायला लागलो. एक वर. एक खाली.